मधला थर

१२ जानेवारी

आज पाचवी जोडी विकली गेली आणि मी भावाच्या अंगावर कात्री फेकली. लागली नाही. दाराच्या चौकटीत रुतली. तो म्हणाला, "ताई, तू एक दिवस तुरुंगात जाशील." मी म्हटलं, जाईन, तिथे निदान कुणी मधे न बोलता शिवता येईल.

झालं असं. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज मी वीस वर्षं हाताने शिवते आहे. शिकवलं यांनी. हे रिंगमध्ये होते तेव्हा स्वतःचे ग्लोव्ह्ज स्वतःच शिवायचे, दुसऱ्याच्या टाक्यावर यांचा विश्वास नव्हता. मग डोक्याला इतके ठोसे बसले की हात थरथरायला लागले, शब्द सापडेनासे झाले, आणि आरी माझ्या हातात आली. आता हे दिवसभर कामाच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवतात, चष्मा बुटात. गेल्या वर्षी क्लबने यंत्राचा माल घ्यायला सुरुवात केली आणि माझं गिऱ्हाईक संपलं. तेव्हा धाकट्या भावाने मला फोनवर, त्या ऑनलाइन बाजारात, दुकान काढून दिलं. जोडीची किंमत मी ठरवली, एकोणीसशे. सामान अकराशे ऐंशीचं. म्हणजे जोडीला सातशे वीस सुटतात, असं मी धरून चालले होते.

आज पाच जोड्यांचे पैसे खात्यात आले. साडेनऊ हजार यायला हवे होते. आले पाच हजार सहाशे पंच्याण्णव. माझं सामानच एकोणसाठशेचं. सात-सात तास वाकून, बोटं फोडून शिवलं आणि वर दोनशे पाच पदरचे घातले. भाऊ म्हणाला, "ते त्यांची फी कापतात ना, मी सांगितलं होतं की." त्यानंतर कात्री.

१५ जानेवारी

भाऊ परत आला. आधी दारातून डोकावून कात्री कुठे आहे ते बघितलं, मग आत आला. चामड्याचे नमुने कापायच्या कागदावर त्याने सगळं मांडून दाखवलं. बाजाराचा वाटा शंभरातले पंधरा. शिवाय प्रत्येक विक्रीमागे पन्नास, ते कशाचे हे त्यालाही सांगता येईना. मग पाठवायचा खर्च तीनशे दहा. आणि या सगळ्यावर कर, शंभराला अठरा. एकोणीसशेतले सातशे एकसष्ट असे उडतात.

"तीनशे दहा? अरे, जोडी किलोभराची!"

"ते काट्यावर घालत नाहीत ताई. खोका मोजतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. तुझा खोका त्यांच्या हिशेबाने साडेतीन किलोचा होतो."

"आत नुसती हवा आहे!"

"हवेचेच पैसे घेतात."

मी खोक्याला लाथ मारली. हे खुर्चीत दचकले आणि दोन्ही हात तोंडासमोर धरले. घंटा वाजली असं वाटलं असणार. अंगात मुरलेलं आहे ते, बाकी सगळं गेलं तरी.

भाऊ पुढे म्हणाला, "आणि तुझे तास कुठे धरलेस? सात तास. कोपऱ्यावरच्या दुकानात झाडू मारणारी बाई तासाला एकशे वीस घेते. तेवढे तरी लाव. सामान, तुझे तास, त्यांची फी, सगळं धरून तीन हजार होतात. तीन हजार लिही."

"तीन हजाराला कोण घेतंय? यंत्राची जोडी सोळाशेला मिळते."

"मग सोळाशेवालं गिऱ्हाईक तुझं नाहीच."

कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्यांना असं बोलायला काय जातं. पण इथे खरं लिहायला हरकत नाही. तीन हजार हा आकडा माझ्याने लिहवतच नाही. वीस वर्षं क्लबच्या दारात उभी राहून मी भाव सांगितला तो खाली मान घालून, आणि कुणी "फार होतात बाई" म्हटलं की लगेच उतरवला. तीन हजार लिहिले तर लोक हसतील असं वाटतं. भावाला हे सांगितलं नाही. त्याला सांगितलं, तू तुझ्या खुर्चीत बस.

२३ जानेवारी

ठिणगीची लढत होती. माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, वीतभर उंचीची, आणि जीभ माझ्यासारखी. समोरची दणकट होती. दुसऱ्या फेरीत तिने ठिणगीचं नाक फोडलं. रक्त ओठांवर, दातांवर, पांढऱ्या बनियनवर. मी ओरडत होते, "पोटात घाल! बरगड्या मोड तिच्या!" शेजारच्या बाईने मला बघून खुर्ची सरकवून घेतली. मला लाज वाटत नाही. मला ठोशाचा आवाज आवडतो, ओल्या चामड्याचा. मी यांच्याशी लग्न केलं ते यांनी एकाला आडवा केला ते बघूनच.

ठिणगी गुणांवर हरली. सर, म्हणजे क्लबचे कोच, म्हणाले, "वेग आहे, हिंमत आहे. ठोशात जोर नाही. मार्चअखेरच्या निवडीपर्यंत जोर आला तर बघू."

घरी येताना लंबू बरोबर होती. ठिणगीची मैत्रीण, रोजच्या सरावातली जोडीदार. सहा फुटाला दोन बोटं कमी आणि स्वभावाने अगदी गरीब गाय. कुणाला जोरात लागलं तर स्वतःच माफी मागते. तिची आई धोबीखान्यात इस्त्री करते, म्हणून लंबू संध्याकाळी आमच्याकडेच जेवते. आज जेवताना म्हणाली, "काकू, तुम्हीच रिंगमध्ये उतरा. समोरची आवाजानेच पडेल." यांनाही हसू आलं. लंबू आली की हे हसतात.

२ फेब्रुवारी

सापडलं! इतके दिवस डोकं फोडून घेत होते आणि उत्तर हातातच होतं.

ग्लोव्हच्या आत फोमचे तीन थर असतात. वरचा मऊ, खालचा कडक, आणि मधला दाट, सगळ्यात जाड आणि सगळ्यात महाग. मी मधला काढून बघितला. ग्लोव्ह सपाट झाला, सुबक दिसायला लागला. खोका चक्क लहान झाला. चौतीस, सव्वीस, अकरा. भागाकार केला तर दोन किलोच्या आत! पाठवायचा खर्च तीनशे दहावरून एकशे नव्वद. फोमचे एकशे साठ वाचले ते वेगळे. किंमत तीच एकोणीसशे, आणि आता जोडीमागे माझे दोनशे साठ सुटतात. वजन कमी भरू नये म्हणून मनगटाच्या पट्ट्यात जाड कापड भरलं. काट्यावर बरोबर सोळा औंस.

भाऊ म्हणाला, "ताई, त्या थराचं काही काम असेल ना?" मी म्हटलं, यंत्राच्या ग्लोव्ह्जमध्ये तर भुसा असतो, त्यांना कोण विचारतंय. वरचा थर आहे, खालचा आहे. माझे टाके आहेत. पुरे झालं.

यांना कामात घ्यावं म्हणून पहिली जोडी यांच्या मांडीवर ठेवली. पूर्वी प्रत्येक जोडी हे तपासायचे. आजही यांनी ठोसा बसतो त्या जागी अंगठा दाबला. दाबून धरला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. काहीतरी शोधत होते बिचारे, सापडलं नाही. मग ग्लोव्ह खुर्चीखाली सरकवला. मी काढून खोक्यात भरला.

११ फेब्रुवारी

तीस जोड्या गेल्या. लोक चांगलं लिहितात. एकाने लिहिलंय, "या ग्लोव्ह्जनी मारलं की समोरच्याला लगेच कळतं." पाच तारे. भावाने वाचून दाखवलं आणि फोन उलटा ठेवला. त्याचं तसंच, कुणाचं भलं बघवत नाही.

यांचे मोजे सापडत नाहीत. सगळे एकेका पायाचेच.

१९ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. एक जोडी परत आली. सोबत तक्रार: "उजव्या ग्लोव्हच्या शिवणीतून मोजा बाहेर आला. वापरलेला मोजा." फोटो टाकलाय. एक तारा. राखाडी मोजा, टाचेला मी घातलेला रफू. यांचा.

परत आलेल्या मालाचा जाण्याचा खर्च माझा, येण्याचाही माझा, आणि ते पन्नास काही परत मिळत नाहीत. म्हणजे दोन जोड्यांची कमाई एका मोज्यात गेली.

मी ग्लोव्ह यांच्या तोंडासमोर धरला. "हे तुमचं काम? माझे टाके उसवता? मी जगवते तुम्हाला आणि तुम्ही मला बुडवता?" हे ग्लोव्हकडे बघून मान हलवायला लागले, हो हो, जणू मी शाबासकी देतेय. मी मारली. थोबाडीत, आवाज होईल अशी. ज्या माणसाला तेरा वर्षं कुणी पाडू शकलं नाही त्याला मी खुर्चीत बसलेला असताना मारलं. यांनी हात वर केले नाहीत. लाथेच्या आवाजाला करतात, माझ्यासमोर केले नाहीत.

२० फेब्रुवारी

परत आलेली जोडी नवी म्हणून विकता येत नाही. मोजा काढला, पुन्हा शिवली, ठिणगीला सरावाला दिली. तिची जुनी फाटलीच होती. काही वाया गेलं नाही.

१ मार्च

सरांनी आज मला थांबवून सांगितलं, "काय खायला घालता हो पोरीला? दहा दिवसांत हातात हातोडा आलाय." मी तिथेच नाचले असते. काल तिने एका मोठ्या मुलीला हेडगार्ड असून गुडघ्यावर आणलं. भुवई फाटली, चार टाके. मी बघत होते. ठोसा बसला तसा आवाज निराळाच आला, कोरडा, लाकडावर लाकूड आपटावं तसा. अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, बापाचा हात उतरला पोरीत.

ठिणगीची बोटं मात्र सुजली आहेत. मुठीची हाडं लालभडक. रोज मिठाच्या पाण्यात बुडवून बसते. "आई, कसं कोण जाणे, पण मला समोरच्याचं हाड लागतं," म्हणाली. मी म्हटलं, जोर वाढला की लागणारच.

लंबू जेवायला होती. अर्धंच जेवली. डोकं दुखतंय म्हणाली, गेले चार-पाच दिवस. वर तीच विनोद करते, "काकू, तुमच्या ठिणगीने माझा पाढा विसरायला लावला, सातच्या पुढे आठवत नाही." आम्ही खूप हसलो. हे हसले नाहीत. हे उठून लंबूच्या मागे उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, टोपी ठेवावी तसे. ती बिचारी जेवण होईपर्यंत हलली नाही.

६ मार्च

आज फार वाईट झालं. लिहू की नको.

सकाळी ठिणगीची क्लबची पिशवी उघडली तर उजवा ग्लोव्ह फुगलेला. शिवण उसवून पुन्हा घातलेली, वेडेवाकडे मोठे टाके, थरथरत्या हाताचे. आत यांचं बनियन, नीट चौकोनी घडी करून कोंबलेलं. डाव्यात अजून काही नव्हतं, तेवढ्यात मी पोचले. लाडक्या लेकीच्या सामानालासुद्धा सोडलं नाही. निवडीला तीन आठवडे, पोरीच्या हातात आत्ता कुठे जोर आलाय, आणि हा माणूस त्यात चिंध्या भरतोय.

बनियन ओढून काढलं. यांनी ग्लोव्हचं दुसरं टोक धरलं आणि सोडेनात. अजून ताकद आहे हातात. तोंडातून नुसते आवाज येत होते, "न... न..." मी छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. हे खुर्चीसकट मागे पडले. डोकं खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं. कानामागून रक्त आलं.

मी पट्टी बांधली. रडलेही. मग ग्लोव्ह शिवला, माझ्या टाक्याने, बारीक आणि घट्ट, परत कुणाला उसवता येऊ नये असा. ठिणगी घेऊन गेली.

९ मार्च

लंबू पडली.

मी तिथे नव्हते. ठिणगीने सांगितलं ते लिहिते. रोजचाच सराव. तिसरी फेरी. ठिणगीने डावा दाखवला आणि उजवा कानशिलावर घातला. लंबू उभीच होती. "थांब जरा" म्हणाली. मग पाय गेले. पडली ती हात पुढे न करता, सरळ तोंडावर. एक डोळा उघडा राहिला. सरांनी गाडीत घातलं. डोक्यात रक्त साकळलंय, कवटी उघडायला नेली आहे.

१० मार्च

दवाखान्याच्या जिन्यात लंबूची आई बसली होती. हाताला इस्त्रीचे चटके. ठिणगी तिच्या पाया पडायला वाकली तर तिने तिचे केस धरले आणि भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. "तुझ्या घरी जेवायची ती! तुझ्या घरी!" मी मधे पडले. ठिणगी म्हणाली, "मारू दे आई." आवाजच नव्हता तिच्या आवाजात.

१२ मार्च

शस्त्रक्रिया झाली. शुद्ध नाही.

ठिणगी जेवत नाही. आज मागच्या अंगणात भिंतीवर नुसत्या मुठी मारत होती. मी मोजलं नाही किती. भिंतीवर रक्ताचे ठसे, चारचार बोटांचे. मी ओढलं तर म्हणाली, "हा हात तोडून टाक. सर म्हणत होते ना जोर हवा, जोर हवा. मी रोज देवाकडे जोर मागत होते आई." उजव्या हाताची दोन हाडं मोडली आहेत.

सर म्हणतात, खेळात होतं असं, कुणाचा दोष नाही.

१४ मार्च

कपडे धुवायला काढले. यांचं एकच बनियन निघालं, अंगावरचं. आठ होती. मोजे एकही नाही. दोन सदरे नाहीत, टॉवेल अर्धा. कुठे कोंबलेत म्हणून घर पालथं घातलं. पिठाचा डबा, बूट, गादीखाली. कुठेच नाहीत.

मग फळीवरचे खोके दिसले. पाठवायला तयार असलेल्या सहा जोड्या. एका खोक्याचं झाकण नीट बसत नव्हतं.

उघडला. सहाही उघडले. बारा ग्लोव्ह्ज, बारांची शिवण उसवून पुन्हा घातलेली. मी एकेक कापत गेले. बनियन. मोजे, तीन एकात एक. सदऱ्याची बाही. टॉवेल. प्रत्येक वेळी तीच चौकोनी घडी, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी. वरच्या आणि खालच्या थराच्या मधे.

मी एक न कापता ठेवला आणि अंगठा दाबला. अंगठा आत गेला, अडला, हळूच वर आला. मग ठिणगीचा उजवा ग्लोव्ह घेतला, मी बारीक टाक्याने शिवलेला. अंगठा आत गेला आणि पलीकडच्या माझ्याच बोटाच्या हाडाला लागला.

हे खुर्चीतून बघत होते. कानामागे मी बांधलेली पट्टी. दीड महिना हा माणूस आपल्या अंगावरचे कपडे काढून माझी चोरी भरत होता, आणि मी त्याला मारत होते.



१५ मार्च

भावाला बोलावलं. त्याने कापलेले ग्लोव्ह्ज एकेक करून बघितले. दुकान बंद केलं. बंद करायचं कारण विचारतात, यादीतून निवडायचं असतं. "माल संपला", "सुट्टीवर आहे", "किंमत बदलायची आहे". मी केलं ते त्या यादीत नाही. "माल संपला" निवडलं.

त्रेसष्ट जोड्या गेल्या आहेत. कुणाच्या घरी, ते बाजार सांगत नाही. गिऱ्हाईक त्यांचं, आपलं नाही. महिन्याच्या आतल्या मागण्यांवर निरोप पाठवता येतो, जुन्यांवर नाही. एकवीस जणांना पाठवला: हे ग्लोव्ह्ज वापरू नका, पैसे परत करते, आत थर कमी आहे, मी काढला. भाऊ म्हणाला, "'मी काढला' एवढं काढून टाक, खटला करतील." मी म्हटलं, राहू दे. उरलेल्या बेचाळीस घरांत काय चाललंय ते मला कळायला मार्ग नाही. रोज संध्याकाळी कुठेतरी कुणीतरी ते हातात घालतंय.

तीन हजार. भावाने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिले होते. एवढा एक आकडा मला लिहवला नाही.

१७ मार्च

चौदा जणांची उत्तरं आली. एकाने लिहिलंय, "ग्लोव्ह्ज उत्तम आहेत. आमचा मुलगा आता रोज जिंकतो. परत करणार नाही."

लंबू शुद्धीवर आली. उजवा हात उचलत नाही. मी दाराच्या फटीतून बघितलं. तिची आई विचारत होती, "मी कोण, सांग बरं?" आणि लंबू ओठ हलवत होती, शोधत होती, सापडत नव्हतं. ती धडपड मी रोज सकाळी घरात बघते. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येईल काही काही. काही काही म्हणजे किती, ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे.

ठिणगी दवाखान्याच्या दारापर्यंत येते आणि परत जाते. सांगायला हवं. कुणालाच ठाऊक नाही, फक्त मला, भावाला आणि यांना. भाऊ माझ्याखातर गप्प राहील, आणि यांना बोलता येत नाही. मी नाही सांगितलं तर ती जन्मभर त्या हाताकडे बघत बसेल. आणि सांगितलं तर मला मुलगी राहणार नाही. दिवसभर हेच चाललंय डोक्यात, आणि दिवसभर मी गप्प आहे.

१९ मार्च

तोंड सुजलंय. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं.

सकाळी ठिणगीला कामाच्या खोलीत बोलावलं. हे खुर्चीत होते. टेबलावर दोन ग्लोव्ह्ज ठेवले, एक यांनी दोन वर्षांपूर्वी तपासलेला जुना, एक तिचा. म्हटलं, "अंगठा दाब. दोन्हींत."

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्याने दाबला. आधी जुना. मग तिचा. पुन्हा जुना. पुन्हा तिचा.

"यात काय नाहीये?"

मी सांगितलं. खोक्याचं, भागाकाराचं, दोनशे साठांचं. मोज्याचं. बनियनचं, मी ते कसं ओढून काढलं आणि वर कसं बारीक शिवलं त्याचं. "तुझ्या हातात जोर आला नव्हता. तुझा हात होता तसाच आहे. लंबूला मी मारलं."

तिने वडिलांकडे बघितलं. कानामागची जखम तिने पहिल्यांदा नीट बघितली असावी.

"हे पण तूच?"

"हो."

तिने डाव्या हाताने मारलं. नुसत्या मुठीने, सगळं वजन घालून, जसं सर शिकवतात, टाचेपासून. माझा एक दात गेला आणि मी टेबलावर आपटून खाली पडले. ती वर उभी होती, परत मारायच्या बेतात. मी हात वर केले नाहीत. मग तिचंच तोंड वाकडं झालं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, लहानपणी बसायची तशी. दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.

जरा वेळाने म्हणाली, "लंबूच्या आईला तू सांगायचंस. आज. मी बरोबर येणार नाही."

"नको येऊस."

"आणि मी तिथे दारात थांबणार आहे. तू परत फिरलीस तर बघ."

मी उठायला लागले तर तोंडातून रक्ताची धार लागली. हे खुर्चीतून उठले. भिंतीचा आधार घेत माझ्याजवळ आले आणि गुडघे टेकून बसले, त्याला बराच वेळ लागला. यांनी अंगातलं बनियन काढलं. शेवटचं. त्याची चौकोनी घडी केली, हात थरथरत होते म्हणून दोनदा करावी लागली. ती माझ्या गालावर ठेवली. मग त्यावर अंगठा दाबला, मान कलती करून, हाड लागत नाही ना ते बघायला. लागलं असणार, कारण घडी उलगडून यांनी आणखी एकदा दुमडली आणि परत ठेवली.

अकरा वाजता मी दवाखान्यात जाते आहे. दात रुमालात बांधून घेतलाय, का ते माहीत नाही.